ठराव कोणाचे, कायदा कोणासाठी?

१९२७ च्या जानेवारी महिन्यात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्या घटनेची शताब्दी २०२७ च्या जानेवारीत येते. शताब्दीचे जे उपचार सार्वजनिक जीवनात रूढ झाले आहेत ते यथासांग पार पडतील. स्मरणिका निघतील, तैलचित्रांना हार पडतील, आणि ज्यांनी स्त्रियांच्या एकाही ठरावाचा कधी पाठपुरावा केला नाही असे पुढारी अध्यक्षस्थानी विराजमान होतील. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. समाजवादी कार्यकर्त्यांनी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. मताचा अधिकार मोजक्या जणींनाच होता आणि सत्तेच्या दालनात प्रवेश जवळजवळ कोणालाच नव्हता, अशा काळात स्त्रियांनी शहरोशहरी शाखांचे जाळे विणून देशाचे कायदे बदलावयास लावले, ते नेमके कसे? आणि त्याच जाळ्यातून देशातील बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया निसटून गेल्या, त्या का?

या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन सोयीस्कर पद्धती आहेत आणि दोन्ही टाळावयास हव्यात. पहिली पद्धत गौरवाची. तिच्या मते थोर स्त्रिया जमल्या, त्यांनी थोर विचार मांडले आणि कायदे झाले. दुसरी पद्धत उपहासाची, आणि ती डाव्या वर्तुळांत अधिक प्रिय आहे. तिच्या मते महिला मंडळे म्हणजे हळदीकुंकू, भरतकामाचे वर्ग आणि वर्षातून एकदा राण्या-महाराण्यांच्या अध्यक्षतेखाली वाचावयाचे ठराव. पुण्याच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड होत्या आणि दुसऱ्या वर्षी दिल्लीत भोपाळच्या बेगम होत्या, हे खरेच आहे. परंतु एवढ्यावरून निकाल देणारा कार्यकर्ता संघटनेचा अध्यक्ष पाहतो, संघटनेची रचना पाहत नाही. या परिषदेचे बळ आणि तिची मर्यादा ही दोन्ही तिच्या रचनेतच होती.

परिषदेचा उगम मोठा बोलका आहे. बंगालचे शिक्षणसंचालक ओटन यांनी कलकत्त्याच्या बेथून कॉलेजातील एका समारंभात स्त्रियांना आवाहन केले की, आपल्याला कोणते शिक्षण हवे आणि कोणते नको हे स्त्रियांनीच एकमुखाने सांगावे. मद्रासच्या विमेन्स इंडियन असोसिएशनच्या मार्गारेट कझिन्स यांनी ते आवाहन उचलले आणि १९२६ साली देशभरच्या कार्यकर्त्या स्त्रियांना पत्रे धाडली. त्या पत्रांतील सूचना महत्त्वाची होती. प्रथम ठिकठिकाणी स्थानिक परिषदा भरवा, तेथे ठराव करा, प्रतिनिधी निवडा, आणि मग सर्वांनी पुण्यास या. म्हणजे अखिल भारतीय व्यासपीठ अगोदर उभारून खाली शाखा फोडावयाच्या, असा प्रकार नव्हता. स्थानिक सभेतून ठराव, ठरावातून प्रतिनिधी, प्रतिनिधींतून अखिल भारतीय परिषद, आणि दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात पाठपुरावा करणारी स्थायी समिती, असा हा क्रम होता. या क्रमाचे महत्त्व पुष्कळ पक्षांना शंभर वर्षांनंतरही उमगलेले नाही.

परिषद जमली ती केवळ शिक्षणाचा विचार करण्यासाठी. राजकारण वर्ज्य, असा तिचा आरंभीचा दंडक होता. परंतु शाळेच्या पटावरून मुली गळतात कोठे, हा प्रश्न विचारल्याबरोबर उत्तर मिळाले की त्या लग्नमंडपात गळतात. म्हणून शिक्षणाच्या पहिल्याच परिषदेला बालविवाहाचा निषेध करावा लागला, आणि वर्षभरात ती हरबिलास सारडा यांच्या विधेयकामागे उभी राहिली. जीवनाचा एक प्रश्न प्रामाणिकपणे हाती घेतला की तो दुसऱ्या प्रश्नाच्या दारात नेऊन उभा करतो, आणि राजकारण वर्ज्य असल्याची पाटी आपोआप गळून पडते. स्त्रियांच्या संघटना 'अराजकीय' असाव्यात असा आग्रह धरणाऱ्यांनी हा अनुभव ध्यानात ठेवावा.

सारडा कायद्याची कथा म्हणजे या पद्धतीच्या सामर्थ्याचा आणि दुबळेपणाचा एकत्रित पाठच आहे. १९२८ साली परिषदेच्या शिष्टमंडळाने व्हाइसरॉय आणि विधिमंडळातील पुढाऱ्यांच्या भेटी घेतल्या. शाखांनी सभा भरविल्या, सह्या गोळा केल्या, तारा पाठविल्या. सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील संमतिवय समितीवर रामेश्वरी नेहरू यांची नेमणूक झाली, आणि समितीपुढे स्त्रियांच्या साक्षी नोंदल्या गेल्या. मूळचे हिंदूंपुरते असलेले विधेयक सर्व धर्मीयांना लागू झाले, आणि शरीफा हमीद अली यांच्यासारख्या मुस्लिम कार्यकर्त्यांनी त्याला उघड पाठिंबा दिला. परिषदेची मागणी मुलीसाठी सोळा वर्षांची होती. १९२९ च्या कायद्यात मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा आली. तरीही, धर्मात हात घालू नका अशी ओरड करणाऱ्या सनातन्यांच्या आणि त्यांना दुखवू न इच्छिणाऱ्या परकीय सरकारच्या नाकावर टिच्चून हा कायदा झाला, त्यात या जाळ्याचा वाटा मोठा होता.

परंतु कायद्याच्या पोटात काय होते? कायदा सप्टेंबर १९२९ मध्ये संमत झाला आणि अमलात आला १ एप्रिल १९३० रोजी. मधल्या सहा महिन्यांत देशभर बालविवाहांची झुंबड उडाली. गुन्हा अदखलपात्र, पोलिसांनी आपण होऊन हात घालावयाचा नाही. कोणीतरी न्यायालयात जाऊन फिर्याद द्यावयाची, तीही लग्न लागल्यापासून एका वर्षाच्या आत, आणि वर फिर्यादीकडूनच शंभर रुपयांपर्यंतचा जामीन मागण्याची तरतूद. गावातील एखादी विधवा किंवा शाळामास्तर पाटलाच्या घरच्या लग्नाविरुद्ध शंभर रुपयांचा जामीन भरून उभा राहील, ही कल्पना दिल्लीत बसूनच सुचू शकते. कायदा झाला तेव्हा परिषदेच्या शाखा शहरांत होत्या आणि बालविवाह मुख्यतः खेड्यांत होत होते. कायदा जिंकणारे जाळे आणि कायदा राबवू शकणारे जाळे यांत जे अंतर पडले त्या अंतरात पिढ्या गेल्या. वयाची अट १९७८ साली मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी एकवीस झाली, २००६ साली नवा प्रतिबंधक कायदा आला. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. सुधारणांचा वारसा मिरविणाऱ्या महाराष्ट्रातील प्रमाण २१.९ टक्के होते. फुले, आगरकर, कर्वे यांच्या प्रांतात पाचांतील एक मुलगी आजही कायद्याला चकवून बोहल्यावर चढविली जाते, याची लाज वाटावयास हवी. पण नुसती लाज वाटून भागणार नाही. उसाच्या फडावर जाणाऱ्या आईबापांना वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवण्याचे भय वाटते, आणि नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एक उचल, असा हिशेब मुकादम करतो. तेथे वयाची अट ही अर्थव्यवस्थेशी टक्कर घेत असते. हे भय आणि हा हिशेब ज्या ठरावात नाही तो ठराव कितीही पुरोगामी असला तरी फडापर्यंत पोहोचत नाही.

मालमत्तेच्या हक्काचेही असेच झाले. १९३४ साली परिषदेने हिंदू स्त्रियांच्या कायदेशीर अडचणींची चौकशी करण्यासाठी आयोगाची मागणी केली. रेणुका राय यांनी त्या विषयावर पुस्तिका लिहिली आणि देशभर सभा झाल्या. १९३७ साली डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत हिस्सा देणारा कायदा झाला. परंतु शेतजमीन हा प्रांतांचा विषय असल्याने ती या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. घर, दागिने, ठेवी यांत हिस्सा, जमिनीत नाही. ज्या देशात बहुसंख्य कुटुंबांची मालमत्ता म्हणजे दोन-चार एकर जमीन, तेथे बहुसंख्य विधवांच्या पदरात काय पडले असेल, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको. जमीन वगळा, असे परिषदेने म्हटले नव्हते. परंतु त्या वगळण्यावर जिचे पोट अवलंबून होते ती शेतकरीण त्या सभागृहात नव्हती, म्हणून तो मुद्दा रस्त्यावरच्या लढ्याचा झाला नाही. पुढे हिंदू कोड बिलासाठी परिषदेच्या स्त्रिया निष्ठेने झगडल्या. ते बिल रखडविले गेल्यावर डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्यांत संघटित स्त्रिया होत्या. मात्र १९५६ च्या वारसा कायद्यातही कूळवहिवाटीच्या प्रांतिक कायद्यांना हात न लावण्याची पळवाट राहिलीच. ती बुजली २००५ साली. दरम्यान महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद केले. त्याच्याही अगोदर, १९८६ साली चांदवडला जमलेल्या शेतकरी स्त्रियांच्या प्रचंड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून देण्यास प्रवृत्त केले. शेतकरी संघटनेच्या अर्थविचाराशी समाजवाद्यांचे कितीही मतभेद असोत, ज्यांचा प्रश्न त्याच स्त्रिया मंडपात असल्या की कागद लवकर हलतो, एवढे तरी त्या मोहिमेने सिद्ध केले.

श्रमाच्या प्रश्नात ही दरी अधिकच ठळक दिसते. कोळशाच्या खाणीत भूगर्भात काम करणाऱ्या स्त्रियांची स्थिती भयानक होती आणि ती बंद व्हावी ही मागणी मानवतेची होती. १९२९ पासून टप्प्याटप्प्याने आणि १९३७ साली पूर्णपणे ही बंदी आली. १९४३ साली युद्धाच्या निमित्ताने सरकारने ती उठविली तेव्हा महिला परिषदेने कडक निषेध केला, आणि १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. ही परिषदेची कामगिरी लहान नाही. परंतु खाणीत नवरा कोळसा फोडतो आणि बायको तो टोपलीत भरून गाडीत टाकते, दोघांच्या कष्टावर एक घर चालते, ही त्या धंद्याची रीत होती. बायकोला खाणीबाहेर काढले. तिला बाहेर दुसरे काम कोणी दिले? संरक्षण मिळाले आणि रोजी गेली. संरक्षणाच्या ठरावाला रोजगाराच्या हमीचा दुसरा परिच्छेद जोडावयाचा असतो, हे खाणकामगार स्त्रीने सांगितले असते. पण तिला विचारण्याची व्यवस्था ठरावाच्या प्रवासात कोठेच नव्हती.

मुंबईत ना. म. जोशी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी प्रसूतिभत्त्याचा विषय ऐरणीवर आला. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी त्याचे समर्थन केले आणि १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. पण त्याचा बोजा एकट्या मालकावर पडला. मालकाने काय केले? स्त्रियांना कामावर घेणे कमी केले. रात्रपाळीची बंदी आणि गिरण्यांचे सुसूत्रीकरण यांची भर पडली, आणि मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण पुढील दशकांत घसरत गेले. २०१७ साली प्रसूतिरजा सव्वीस आठवड्यांची करताना पुन्हा तोच बोजा पुन्हा त्याच खांद्यावर ठेवण्यात आला. आणि मुळात ज्या स्त्रीला मालकच नाही, जी विड्या वळते, घरकाम करते, बांधकामावर पाट्या वाहते, तिच्यापाशी तर ही रजा पोहोचलीच नाही. प्रसूती हे समाजाचे काम आहे, म्हणून तिचा खर्च समाजाने उचलावा, हे समाजवादी तत्त्व मान्य केल्याशिवाय असा प्रत्येक कायदा काही थोड्या जणींना रजा आणि पुष्कळ जणींना बेकारी देत राहील.

आता सर्वांत कटू प्रकरण. १९३७ च्या डिसेंबरात परिषदेचे अधिवेशन नागपुरास भरले. अस्पृश्य मुलींसाठी शाळा चालविणाऱ्या जाईबाई चौधरी यांना तेथे निमंत्रण होते. भोजनाच्या वेळी त्यांना इतरांपासून वेगळे बसविण्यात आले. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात या अपमानाची आणि त्यावर नागपूरच्या दलित स्त्रियांनी घेतलेल्या निषेध सभेची नोंद केली आहे. स्त्रियांच्या समान हक्कांचे ठराव ज्या मंडपात झाले त्याच मंडपात पंक्तिभेद झाला. दलित स्त्रियांनी याचे उत्तर रडगाण्याने दिले नाही, संघटनेने दिले. १९४२ च्या जुलैत नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. तिचे ठराव पाहावेत. घटस्फोटाचा अधिकार आणि बहुपत्नीकत्वाला बंदी यांच्या जोडीला तेथे गिरणीकामगार स्त्रियांच्या रजांचा विषय आहे, मुलींच्या वसतिगृहांचा आहे, प्रतिनिधित्वाचा आहे. विवाहाचा कायदा आणि गिरणीची रजा एकाच कागदावर आली, कारण त्या परिषदेत दोन्ही प्रश्न एकाच स्त्रीचे होते.

हा दोष काही भारतीय संघटनेचाच होता असे नाही. अमेरिकेत १८९० साली महिला क्लबांचे जे महासंघटन स्थापन झाले त्याचीही रचना अशीच होती. गावचा क्लब, त्यावर राज्याचा संघ, त्यावर राष्ट्रीय अधिवेशन. भेसळविरोधी अन्न व औषध कायदा १९०६ साली झाला त्यामागे या क्लबांच्या चिकाटीचा मोठा आधार होता. परंतु १९०० साली मिलवॉकीच्या अधिवेशनात जोसेफिन रफिन या कृष्णवर्णीय कार्यकर्तीला तिच्या स्वतःच्या कृष्णवर्णीय क्लबची प्रतिनिधी म्हणून स्वीकारण्यास नकार देण्यात आला. गोऱ्या स्त्रियांच्या संघटनेची प्रतिनिधी म्हणून बसा, असे सुचविण्यात आले. तिने ते धुडकावले. या महासंघटनाने स्त्रियांच्या मताधिकाराला पाठिंबा दिला तोही १९१४ साली. म्हणजे सात समुद्रांपलीकडेही तोच धडा आहे. क्लबांची साखळी कायदा घडवू शकते. पण साखळीत कोणती कडी घ्यावयाची हे जे ठरवितात, तेच कायद्यात काय यावे हेही ठरवितात.

प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर परिषदेने घेतलेली भूमिका या दृष्टीने पुन्हा तपासावयास हवी. १९३१-३२ च्या घटनाचर्चेत परिषदेने इतर दोन प्रमुख महिला संघटनांसह प्रौढ मताधिकाराची मागणी केली आणि स्त्रियांसाठी राखीव जागा नाकारल्या. समता हवी, सवलत नको, अशी ती भूमिका होती. तिच्यातील तेज कोणीही मान्य करील. ब्रिटिशांच्या जातीय विभागणीला दिलेले ते उत्तरही होते. परंतु खुल्या स्पर्धेचा हा आत्मविश्वास मुख्यतः ज्यांच्या पाठीशी शिक्षण, घराणे आणि पक्षश्रेष्ठींची ओळख होती त्यांचा होता. त्याचा परिणाम? २०२४ च्या निवडणुकीत लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ स्त्रिया निवडून आल्या. याउलट १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा राखल्या आणि महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या, तेव्हा ज्यांनी कधी चावडीची पायरी चढली नव्हती अशा हजारो स्त्रिया सरपंच झाल्या. त्यांतील काहींच्या खुर्चीमागे नवरा बसतो, हे उपहासाने सांगणारे पुष्कळ आहेत. पुरुष सरपंचांच्या खुर्चीमागे कोण कोण बसते हे मात्र कोणी सांगत नाही. डॉ. लोहियांनी स्त्रियांना, त्या कोणत्याही जातीच्या असोत, मागासांत गणून विशेष संधीचा आग्रह धरला तो याचसाठी. २०२३ साली संसदेने विधिमंडळांतील एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती जवळजवळ एकमुखाच्या जयघोषात संमत केली, पण ते जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतरच लागू होईल अशी अट त्याच कागदावर लिहून ठेवली, आणि इतर मागास स्त्रियांचा वाटा लिहिण्याचे टाळले. सारडा कायद्यातील सहा महिन्यांचे अंतर आठवावे, असाच हा प्रकार आहे.

इतिहासाचा हा सारा जमाखर्च मांडावयाचा तो आजच्या कामासाठी. आज ग्रामीण महाराष्ट्रात स्त्रियांची संघटना नाही असे गाव शोधावे लागेल. बचत गट, त्यांचा ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ, अशी उतरंड २०११ पासून शासनाच्या उमेद अभियानाने उभी केली आहे. महिला परिषदेच्या संस्थापिकांना स्वप्नातही दिसले नसते एवढे हे जाळे मोठे आहे, आणि त्यात मजूर, अल्पभूधारक, दलित, आदिवासी स्त्रिया आहेत. परंतु या जाळ्यातून फक्त खाली उतरते. वर काही चढत नाही. योजना उतरतात, कर्जे उतरतात, लक्ष्यांक उतरतात, मंत्र्यांच्या सभेला गर्दी जमविण्याचे आदेशही उतरतात. खालून वर जाते ती केवळ कर्जफेडीची रक्कम आणि मासिक अहवाल. रेशनचे माप, दवाखान्यातील गैरहजर डॉक्टर, रोजगार हमीची थकलेली मजुरी, एकल स्त्रीच्या नावाचा सातबारा, यांवरील ग्रामसंघाचा ठराव तालुक्याला, तालुक्याचा जिल्ह्याला आणि जिल्ह्याचा विधानसभेच्या पटलावर पोहोचण्याची वाट कोणी बांधलेली नाही. १९२७ साली जाळे लहान होते पण ठराव चढत होता. आज जाळे प्रचंड आहे पण ठराव जमिनीवरच पडून आहे.

ही वाट बांधणे अशक्य नाही, याची साक्ष याच भूमीत आहे. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी पक्षभेद बाजूला ठेवून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभारली, तेव्हा चाळीचाळींतील गृहिणी लाटणे घेऊन रस्त्यावर आल्या आणि तेल-साखरेचा भाव हा राज्यकारभाराचा प्रश्न बनला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईच्या स्त्रीसंघटनांनी रान उठविले, मृणाल गोरे यांनी १९८६ साली विधानसभेत तो विषय विधेयकाद्वारे मांडला, १९८८ साली महाराष्ट्राचा कायदा झाला आणि १९९४ साली देशाचा. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याचे बंधन महाराष्ट्रात आहेच. गावातील दारूचे दुकान हटविण्यासाठी नोंदलेल्या स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावे लागते. ही अट जाचक असूनही कित्येक गावांतील स्त्रियांनी ती पुरी केली आहे. म्हणजे साधने आहेत. त्यांना एका साखळीत गुंफणारा राजकीय हात नाही.

तो हात कोणाचा असावा, याचे उदाहरणही परिषदेच्याच इतिहासात आहे. कमलादेवी चट्टोपाध्याय या परिषदेच्या पहिल्या पिढीतील संघटक. त्याच काँग्रेस समाजवादी पक्षाच्या आघाडीच्या नेत्या. १९३६ साली मीरतच्या समाजवादी अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा होत्या आणि १९४४ साली मुंबईच्या महिला परिषदेच्याही. एका व्यासपीठावर स्त्रीप्रश्न बोलावयाचा आणि दुसऱ्यावर वर्गप्रश्न, अशी वाटणी त्यांनी केली नाही. महिला संघटनेत जाऊन तिला पक्षाची शेपटी बनविण्याचा उद्योगही त्यांनी केला नाही. संघटना स्वायत्त ठेवून तिच्या मागण्यांची कक्षा रुंद करीत नेणे, हे काम अवघड आहे. ते भाषणांनी होत नाही, शाखांनी होते.

तेव्हा पक्षाच्या कार्यकर्त्यांनी शताब्दीच्या निमित्ताने हारतुरे दुसऱ्यांवर सोपवून चार साधी कामे हाती घ्यावीत. पहिले, प्रत्येक तालुक्यात ग्रामसंघांच्या आणि महिला ग्रामसभांच्या ठरावांची नोंद ठेवणारी समिती नेमावी. ठराव कोणत्या तारखेला झाला, कोणाकडे गेला, काय उत्तर आले, हे तिने दर तिमाहीस जाहीर करावे; आणि पक्षाच्या आमदाराने त्यांतील निवडक ठरावांवर सभागृहात प्रश्न विचारलाच पाहिजे. दुसरे, कोणत्याही मागणीचा मसुदा करताना ती ज्यांच्यासाठी आहे त्या स्त्रिया बहुसंख्येने बसल्या आहेत की नाही हे पाहावे. ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशयशस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली शासनाला समिती नेमावी लागली. कामाचा खाडा पडला की दंड, म्हणून गर्भाशयच काढून टाकणे, ही गोष्ट तोपर्यंत कोणत्याही पक्षाच्या महिला आघाडीच्या ठरावात ठळकपणे आली नव्हती, ती का याचा विचार प्रत्येक आघाडीने करावा. तिसरे, सभेची वेळ मजुरी सुटल्यानंतरची असावी, जागा वस्तीतील असावी आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी. या बाबी क्षुल्लक वाटतात. पण सभेला कोण येऊ शकते हे त्यांवरच ठरते, आणि कोण येते यावर ठराव ठरतो. चौथे, जो कायदा मिळाला त्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी त्या-त्या शाखेने नावानिशी घ्यावी. बालविवाह रोखण्यासाठी ग्रामसेवकावर जबाबदारी आहे. तो ती पार पाडतो की वऱ्हाडाबरोबर जेवून परततो, हे पाहणारे डोळे गावातच हवेत.

आणि एक काम पक्षाने स्वतःच्या घरात करावयाचे आहे. महिला आघाडीने ठराव करावयाचा, कार्यकारिणीने तो 'सहानुभूतीपूर्वक' नोंदवून घ्यावयाचा आणि जाहीरनाम्यात शेवटून दुसऱ्या पानावर छापावयाचा, ही रीत बंद झाली पाहिजे. प्रसूतीचा खर्च समाजाने उचलणे, जमिनीवर स्त्रीचे नाव, रोजगाराची हमी आणि सभागृहांतील वाटा हे आघाडीचे विषय नव्हेत; ते समाजवादाचे विषय आहेत. फर्ग्युसनच्या सभागृहात जमलेल्या स्त्रियांनी वर जाणारी वाट दाखवून दिली आणि नागपूरच्या दलित स्त्रियांनी त्या वाटेवरून कोणाला अडविले जाते ते दाखवून दिले. या दोन्ही गोष्टींचे ऋण मान्य करावयाचे असेल, तर शताब्दीच्या वर्षात एखाद्या ग्रामसंघाचा एक तरी ठराव, त्यातील शब्द न बदलता, विधानसभेच्या पटलापर्यंत पोहोचविण्याचा निश्चय प्रत्येक जिल्हा शाखेने करावा.